साताऱ्यात धरणाच्या पाण्याकाठी घर घ्यायचे असल्यास गाव कसे निवडावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण उभयता सांगलीत शिक्षकी पेशातून निवृत्त झाला आहात, मुलगा पुण्याला आहे, आणि यापुढचा काळ सातारा जिल्ह्यात, पाण्याच्या सहवासात घालवावा असे आपल्या मनात आहे. धोम, कण्हेर आणि कोयनेचा शिवसागर या तीन जलाशयांच्या काठच्या जाहिराती आपण पाहिल्या आहेत. त्यांपैकी एकीत ‘लेक टच’ भूखंड आणि ‘खाजगी किनारा’ असे शब्द आहेत. सकाळी घरातून निघून पाच-दहा मिनिटांत पाण्यापाशी पोहोचता यावे, सुटीत नातवंडांना काठावर खेळता यावे, एवढी आपली अपेक्षा आहे. शेतजमीन आपल्या नावावर नाही, आणि कृष्णेच्या पुराचा अनुभव गाठीशी असल्यामुळे मनात थोडी धास्तीही आहे. मी साताऱ्यात स्थापत्य अभियंता व मूल्यांकनकार म्हणून सत्तावीस वर्षे काम करतो, आणि त्यातला बराचसा काळ धरणांच्या काठच्या जमिनी पाहण्यात, मोजून घेण्यात आणि त्यांवर घरे बांधण्यात गेला आहे. त्या अनुभवावरून उत्तर सविस्तर देतो.

आपल्या जिल्ह्यात ज्यांना आपण तलाव म्हणतो ते, महाबळेश्वरचा वेण्णा तलाव किंवा साताऱ्याला पिण्याचे पाणी देणारा कासचा तलाव असे मोजके अपवाद सोडले, तर सिंचनासाठी किंवा विजेसाठी बांधलेल्या धरणांचे फुगवटे आहेत. नैसर्गिक सरोवराचा काठ वर्षभर बहुधा एकाच जागी असतो. धरणाचा काठ मात्र वर्षभर सरकत राहतो. ऑगस्ट-सप्टेंबरात काठोकाठ भरणारे धरण पुढच्या जूनपर्यंत शेतीला आणि जनित्रांना पाणी देऊन रिकामे व्हावे, यासाठीच बांधलेले असते. कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) असून पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे २१६३ फुटांवर असते. उन्हाळ्याच्या अखेरीस, विशेषतः पाऊस कमी झालेल्या वर्षी, ती शंभर फुटांहूनही अधिक खाली जाते. धोम आणि कण्हेर ही धरणे त्यामानाने लहान आहेत, पहिल्याची क्षमता साधारण १३.५ टीएमसी आणि दुसऱ्याची १०.१ टीएमसी, पण तीही शेतीची धरणे आहेत, आणि कालव्यांना आवर्तने, म्हणजे पाण्याच्या पाळ्या, सुटू लागली की त्यांचेही पाणी मागे हटते.

पातळी किती उतरते यापेक्षा काठाचा उतार कसा आहे, हे घर घेणाऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे, आणि हा हिशेब कोणालाही करता येतो. काठाचा उतार पाचास एक असेल, तर पातळी दहा मीटर उतरल्यावर पाणी पन्नास मीटर दूर जाते. उतार वीसास एक असेल, तर तेच पाणी दोनशे मीटर दूर जाते, आणि मधल्या दोनशे मीटरांत ओला गाळ, भेगाळलेली माती आणि पाण्याखालून वर आलेली झाडांची खुंटे असतात. म्हणजे जो काठ उभा आहे तेथे पाणी बारा महिने नजरेसमोर राहते, परंतु उतरणे अवघड असते आणि पहिल्या दोन पावलांनंतर खोली एकदम वाढते. जो काठ पसरट आहे तेथे मुलांना खेळण्यासारखी जागा मिळते, परंतु ती हिवाळ्यातले दोन-तीन महिनेच. या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी देणारी जागा मी आजवर फारच क्वचित पाहिली आहे. म्हणून आपल्याला यांपैकी काय अधिक हवे आहे, हे जागा पाहायला निघण्यापूर्वी घरी बसून ठरवावे. आपल्या वयाचा विचार करता, मी बेताच्या उताराचा काठ आणि त्यावर पूर्वीपासून वापरात असलेली वाट यांना पसंती देईन.

आता ‘खाजगी किनारा’ या शब्दांविषयी. धरण बांधताना शासन पूर्ण संचय पातळीपर्यंतचीच जमीन घेते असे नाही. लाटा, पूर आणि कामकाजाची सोय लक्षात घेऊन त्याच्याही वरपर्यंतची जमीन संपादित केलेली असते, आणि संपादनाची ही हद्द जागेवर दगडांनी दाखवलेली असते. त्या दगडांच्या खालची सगळी जमीन, मग ती पाण्याखाली असो वा उन्हाळ्यात उघडी पडलेली असो, जलसंपदा विभागाच्या ताब्यात असते. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी ही जमीन, जिला आपल्याकडे गाळपेर म्हणतात, शेतीसाठी हंगामी भाडेपट्ट्याने दिली जाते, आणि त्यात धरणग्रस्तांना प्राधान्य असते. मासेमारीचा ठेकाही बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. अशा परिस्थितीत धरणाचा किनारा कोणीही कोणाला खाजगी म्हणून विकू शकत नाही. जो विकतो आहे असे सांगतो, तो एकतर स्वतः अजाण आहे किंवा आपल्याला अजाण समजतो आहे.

यातला खरा धोका कागदावर लपलेला असतो, म्हणून त्याविषयी थोडे थांबून लिहितो. संपादनाचा निवाडा झाल्यावर कमी-जास्त पत्रक, म्हणजे गटाचे क्षेत्र किती घटले-वाढले ते दाखवणारा कागद, तयार होऊन त्याचा अंमल सातबाऱ्यावर आणि गट नकाशावर यायला हवा. बोलीभाषेत याला ‘कजाप’ म्हणतात. अनेक गावांत हा अंमल वर्षानुवर्षे अर्धवट राहिलेला आहे. परिणामी सातबाऱ्यावर मूळ शेतकऱ्याचे नाव आणि पूर्ण क्षेत्र तसेच दिसते, तलाठी कार्यालयातून उतारा अगदी स्वच्छ मिळतो, आणि प्रत्यक्षात त्या गटाचा खालचा भाग कधीच शासनाचा झालेला असतो. साधारण बारा वर्षांपूर्वी एका कुटुंबाने एका विकसकाकडून अकरा गुंठ्यांचा भूखंड असाच घेतला. नोव्हेंबरमध्ये पाहिला तेव्हा पाणी कुंपणापासून साठ-सत्तर पावलांवर होते, उतारा स्वच्छ होता, खरेदीखत नोंदलेले होते. घराचा आराखडा काढण्यासाठी ते जूनमध्ये माझ्याकडे आले, आणि मी आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी मागवली. संपादनाचे दगड त्यांच्या वरच्या कुंपणाच्याही आत निघाले. अकरापैकी जवळपास चार गुंठे संपादित होते, आणि त्याहून वाईट म्हणजे भूखंडाकडे येणारा रस्ताच संपादित जमिनीतून आखलेला होता. विकसकाने तोवर तेथील कार्यालय बंद केले होते. ते गृहस्थ निवृत्तीची पुंजी घालून बसले होते. खरेदीपूर्वी एक मोजणी झाली असती तर हे टळले असते, याची हळहळ मला आजही वाटते. आणि म्हणूनच कोणत्याही जागेचा विसार देण्यापूर्वी संपादनाची हद्द दाखवणारी मोजणी करून घ्यावी, ही माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची विनंती आहे. मोजणीच्या अर्जासोबत त्या गटाच्या संपादन निवाड्याची प्रत मागावी, १९६० किंवा ७० च्या दशकातले जुने फेरफार काढून वाचावेत, आणि हे काम विक्रेत्याच्या वकिलाकडून न करवता स्वतःच्या वकिलाकडून करवावे.

किनारा विकत मिळत नसेल तर पाण्यापर्यंत जायचे कसे, हा आपला पुढचा प्रश्न असेल, आणि त्याचे उत्तर माझ्या मते या सगळ्या निवडीचा गाभा आहे. धरण होण्यापूर्वी नदीकाठी जी गावे होती, त्यांच्याकडे जाणारे रस्ते, शिवरस्ते आणि पाणंदी आजही काठावरून थेट पाण्यात उतरताना दिसतात. वरचे गाव नवीन वसले, पण त्या जुन्या वाटेने गुरे पाण्यावर नेणे, धुणे धुणे, होडी लावणे, गणपती विसर्जित करणे ही वहिवाट चालूच राहिली. अशी वाट गाव नकाशात दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली असते, ती कोणाच्याही मालकीच्या भूखंडातून जात नाही, आणि संपूर्ण गाव ती वापरत असल्यामुळे ती अडवण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही. पाण्याला लागून असलेल्या भूखंडापेक्षा अशा पाणवठ्यापासून पाच-सात मिनिटांच्या अंतरावरचे, गावठाणालगतचे घर मला कितीतरी अधिक मोलाचे वाटते. भूखंडासमोरचा काठ गाळाचा निघू शकतो. पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेला पाणवठा मात्र बहुधा मुरमाड, टणक आणि बेताच्या उताराचा असतो, कारण लोकांनी आणि गुरांनी अनुभवाने तीच जागा निवडलेली असते.

याउलट विक्रेता ‘शेजाऱ्याच्या शेतातून वाट आहे, कोणी अडवत नाही’ असे सांगत असेल, तर ती वाट नाही असेच समजावे. आज न अडवणारा शेजारी उद्या जमीन विकतो, आणि नवा मालक पहिल्याच महिन्यात तारेचे कुंपण घालतो. वहिवाटीचा रस्ता अडवल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, आणि शेतकऱ्याला बांधावरून रस्ता मिळण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचे कलम १४३ आहे. परंतु फिरायला पाण्यावर जाता यावे म्हणून या तरतुदींचा आधार मिळेल अशी अपेक्षा धरू नये. खाजगी जमिनीतून वाट हवीच असेल, तर तिची रुंदी आणि नकाशा जोडून सुविधाधिकाराचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याच्या हक्काचा, दस्त नोंदवून घ्यावा.

आपण शेतकरी नाही, त्यामुळे आपल्यासाठी पर्याय मुळातच मर्यादित आहेत. कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी नसेल तर, शेतजमीन घेता येत नाही. तुकडेबंदीचे प्रमाण, म्हणजे शेतजमिनीचा ज्याहून लहान तुकडा विकता येत नाही ते क्षेत्र, २०२३ पासून जिरायतासाठी २० गुंठे आणि बागायतासाठी १० गुंठे असे आहे. त्यात अलीकडे काही क्षेत्रांसाठी सवलती आल्या आहेत, परंतु आपला गट त्या सवलतीत बसतो की नाही हे तहसील कार्यालयातून लेखी घ्यावे. पाच जणांनी मिळून एक गट घेणे आणि आपसांत स्टँप पेपरवर वाटून घेणे हा प्रकार सर्रास चालतो. त्यात कृपा करून पडू नये. आपल्याला योग्य असे दोनच मार्ग आहेत. एक म्हणजे गावठाणातील किंवा गावठाणालगतचे तयार घर, आणि दुसरा म्हणजे रीतसर अकृषिक झालेल्या, मंजूर रेखांकनातील भूखंड. पाचशे चौरस मीटरांहून मोठ्या क्षेत्राचे रेखांकन असेल तर महारेरा नोंदणी हवी. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ (शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असा शेरा असेल, किंवा इतर हक्कांत पुनर्वसनासंबंधी हस्तांतरण बंदीची नोंद असेल, तर ती उठेपर्यंत पुढे जाऊ नये. धरणांच्या परिसरात ही नोंद फार ठिकाणी आढळते, कारण लाभक्षेत्रातील अनेक जमिनी धरणग्रस्तांसाठी राखून ठेवलेल्या होत्या.

आता तिन्ही जलाशयांविषयी माझे मत सांगतो. शिवसागराचे सौंदर्य इतर कोणत्याही पाण्याला नाही. बामणोलीच्या काठावरून वासोट्याच्या दिशेने पाहताना माझ्यासारखा रोज जमिनी मोजणारा माणूसही स्तब्ध होतो. तरीही कायमच्या वास्तव्यासाठी मी आपल्याला तेथे जा असे सांगणार नाही. पश्चिमेकडचा काठ कोयना अभयारण्याचा आहे, आणि २०१० पासून हे अभयारण्य सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. काठावरचे तापोळा महाबळेश्वर तालुक्यात येते, आणि महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. जावळी, पाटण आणि सातारा तालुक्यांतील बरीच गावे नवीन महाबळेश्वर प्रकल्पासाठी रस्ते विकास महामंडळाच्या नियोजन अधिकारक्षेत्रात गेली आहेत. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा याद्या २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघत आहेत. या सर्वांचा अर्थ तेथे बांधकाम होणारच नाही असा नव्हे. पण आज दिलेली परवानगी कोणत्या प्राधिकरणाची आहे आणि ती पुरेशी आहे का, हे ठरवणे जाणकारालाही जिकिरीचे होते. शिवाय महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि त्या डोंगररांगेच्या उताराच्या गावांतही पावसाळा म्हणजे चार महिने न वाळणारे कपडे, खंडित होणारी वीज आणि घाटात कोसळणाऱ्या दरडी असतात. मध्यरात्री छातीत दुखू लागले तर बामणोलीहून कासमार्गे साताऱ्याला पोहोचायचे आहे, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर या फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी त्याच रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते. होऊ घातलेल्या पुलाच्या किंवा रस्त्याच्या भरवशावर दर वाढवून सांगितला जात असेल, तर पूल वाहतुकीला खुला झाल्यावरच त्याचे पैसे द्यावेत. शिवसागराच्या ओढीने मन अस्वस्थ होत असेल, तर वर्षातून दोनदा आठ-आठ दिवस तेथे राहून यावे. मुनावळ्याला आता शासनाचे जलपर्यटन केंद्रही आहे.

कण्हेरचे पाणी साताऱ्यापासून अगदी जवळ आहे, आणि आपल्या वयात ही जवळीक सर्वांत मोठी जमेची बाजू ठरते. रुग्णालये, बँक, औषधाचे दुकान, सांगलीकडे जाणारी एसटी, सगळे अर्ध्या तासाच्या आत आहे. मेढ्याकडे जाणारा रस्ता पाण्याच्या बाजूने जातो, त्यामुळे पोहोच चांगली आहे. परंतु तोच रस्ता महाबळेश्वरच्या वाहतुकीचाही असल्यामुळे रस्त्यालगतचे घर घेण्याऐवजी गावाच्या आतल्या अंगाला पाहावे. त्याच अंतरावर परळी खोऱ्यात, सज्जनगडाच्या पायथ्याला, उरमोडीचा जलाशय आहे. आपल्या यादीत तो नाही, पण तो जरूर पाहावा.

धोमविषयी मी थोडा पक्षपाती आहे, हे आधीच मान्य करतो. वाई हे गाव निवृत्त शिक्षकाला एकटे पडू देत नाही. तेथे प्राज्ञपाठशाळा आहे, मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे, व्याख्यानांना जाणारा वर्ग आहे, घाटावर संध्याकाळी बसणारी माणसे आहेत. मेणवली आणि धोम ही गावे तेथून हाकेच्या अंतरावर आहेत, आणि पाऊस महाबळेश्वरच्या तुलनेत कितीतरी कमी असल्यामुळे घर वर्षभर वापरात राहते. उणी बाजू अशी की या खोऱ्यात जमिनीला मागणी मोठी आहे, त्यामुळे दर चढे आहेत आणि वाईट जागाही चांगल्या भावाने खपतात. सुटीच्या दिवशी पसरणी घाटाची आणि मेणवलीची गर्दी सोसावी लागते. पाणी ओसरल्यावर काही ठिकाणी काठ फार लांब जातो. धोम धरणाच्या भिंतीपासून जसजसे वर, जोर गावाच्या दिशेने जावे, तसतसा जलाशय अरुंद होत जातो आणि शेपटाकडचे पाणी सर्वांत आधी आटते. त्यामुळे शेपटाकडची स्वस्त जागा स्वस्त का आहे, हे मे महिन्यात आपोआप समजते.

गाव निवडताना पाण्याइतकेच माणसांकडे पाहावे, असे मी प्रत्येकाला सांगतो. कोयनेच्या पाण्याखाली शंभराच्या आसपास गावांची जमीन गेली, आणि त्यांतली कितीतरी कुटुंबे दुसऱ्या जिल्ह्यांत गेली. जावळी-पाटणच्या गावांतली कर्ती माणसे माथाडी कामासाठी मुंबई-नवी मुंबईत असतात. यात्रेला, शिमग्याला, गणपतीला गाव भरते आणि एरवी निम्म्या घरांना कुलूप असते. आपण जो काठ शोभेसाठी पाहतो, त्याच्याखाली कोणाचे तरी घर, शेत आणि देऊळ आहे. ही जाणीव ठेवून वागणाऱ्या नव्या रहिवाशाला गाव मनापासून सामावून घेते, हे मी अनेकदा पाहिले आहे. आणि पाणवठ्याची वाट कुंपणात घेणाऱ्याशी गाव कसे वागते, हेही पाहिले आहे. घर पाहायला जाल तेव्हा दलालाला सोबत न नेता एकदा सरपंचांना, एकदा किराणा दुकानदाराला आणि एकदा मासे धरणाऱ्या एखाद्या माणसाला भेटावे. पाणी मेमध्ये कोठे असते, काठावर दलदल कोठे आहे, पोहताना कोणी कोठे बुडाले, हे त्यांना अचूक ठाऊक असते. नातवंडांच्या दृष्टीने हा शेवटचा प्रश्न संकोच न करता विचारावा. धरणाच्या पाण्याखाली जुन्या विहिरी, बांध, पडक्या भिंती आणि खुंटे आहेत, गाळात पाय गुडघ्यापर्यंत रुततो, आणि वरून शांत दिसणाऱ्या पाण्यात तळ कोठे संपतो हे कळत नाही. त्यामुळे मुलांना कंबरेएवढ्या पाण्यातही जीवरक्षक जाकिटाशिवाय उतरू देऊ नये.

जागेच्या भक्कमपणाविषयी दोन गोष्टी सांगतो. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली. पाण्याचे दृश्य चांगले मिळावे म्हणून डोंगराच्या उतारात कापून केलेल्या सपाटीवर भूखंड पाडण्याची पद्धत वाढली आहे, आणि अशा जागी घराच्या मागे उभी कापलेली माती असते. मागच्या उतारावर झाडे तिरकी झाली आहेत का, जमिनीला आडव्या भेगा आहेत का, वरून येणारा ओहोळ बुजवून भूखंड केला आहे का, हे पावसाळ्यात स्वतः जाऊन पाहावे. भरावाच्या जागी घर बांधू नये. दुसरी गोष्ट भूकंपाची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आपल्याला आठवत असेल. त्या परिसरात लहान धक्के आजही बसतात. घाबरण्याचे कारण नाही, पण जुने दगड-मातीचे घर घेत असाल तर जोते, दरवाजा-खिडक्यांच्या वरची पातळी आणि छत या तीनही ठिकाणी सलग काँक्रीटचे पट्टे आहेत का, हे अभियंत्याकडून तपासून घ्यावे. नसतील तर त्यांचा खर्च किमतीत धरावा.

पुराची आपली धास्ती मी समजू शकतो. २००५, २०१९ आणि २०२१ ही तीन वर्षे सांगलीकर विसरू शकत नाहीत. धरणाच्या वरच्या अंगाला, संपादनाच्या हद्दीबाहेर असलेल्या घराला तशा पुराची भीती जवळपास नसते, कारण पूर्ण पातळीवर गेलेले पाणी दरवाजांतून सोडून दिले जाते. भीती असते ती धरणाच्या खाली, नदीकाठी. वाई किंवा साताऱ्याजवळ नदीकाठचे घर पाहणार असाल, तर निळी (वारंवार येणाऱ्या पुराची) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची) पूररेषा नकाशावर पाहावी. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, आणि दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात जोते लाल रेषेच्या वर घ्यावे लागते. ओढ्याच्या तोंडाशी, जेथे तो जलाशयाला मिळतो, तेथेही घर नको. धरण भरलेले असताना ओढ्याला पूर आला की पाणी मागे तुंबते.

काठावर राहणाऱ्यांना सर्वांत अनपेक्षित वाटणारी गोष्ट म्हणजे पिण्याच्या पाण्याची अडचण. समोर कोट्यवधी लिटर पाणी दिसत असताना एप्रिलमध्ये टँकर मागवणाऱ्या वसाहती मी पाहिल्या आहेत. जलाशयातून पंपाने पाणी उचलायला जलसंपदा विभागाची परवानगी लागते, आणि पाणी दोनशे मीटर मागे गेल्यावर पंप कोठे ठेवायचा हा वेगळाच प्रश्न उभा राहतो. जलाशय शेजारी आहे म्हणून विंधन विहिरीला पाणी लागेलच असेही नाही; आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून आणि दोन थरांच्या सांध्यांतून वाहते, आणि त्या भेगा तलावाशी जुळलेल्या असतीलच असे नाही. शेजारच्या तीन विहिरींची मे महिन्यातली पातळी आणि ग्रामपंचायतीच्या नळाला आठवड्यातून किती दिवस पाणी येते, एवढे विचारले तरी पुरेसे कळते. सांडपाण्याचा शोषखड्डा विहिरीपासून दूर आणि खालच्या अंगाला असावा, पण तो पाण्याच्या काठाला भिडवू नये. खालची गावे हेच पाणी पितात.

आपण जूनमध्ये जागा पाहायला येण्याचे लिहिले आहे. माझी विनंती अशी की मेचा शेवटचा आठवडा गाठावा, आणि वाई व सातारा येथे दोन-दोन दिवस मुक्काम करावा. जलाशय त्या वेळी सर्वांत खाली असतो, गावातली मंडळी मुंबईहून आलेली असतात, आणि पाणवठ्यापर्यंतची खरी वाट उघडी दिसते. ज्या घरापासून त्या दिवशी सकाळी पाण्यापर्यंत चालत जाऊन परत चढून येताना आपल्याला धाप लागणार नाही, तेवढ्याच घरांचे गट क्रमांक टिपून घ्यावेत. मग ऑगस्टमध्ये, मुसळधार पावसाच्या दिवशी, त्यांपैकी दोनच घरे पुन्हा पाहावीत. गट नकाशा, सातबारा, १९६० नंतरचे सगळे फेरफार आणि संपादन निवाड्याची प्रत हाती आली की मोजणीच्या दिवशी मी स्वतः हद्दीचे दगड दाखवायला येईन.